स्टीअरिंग बदलताना: काय घासायचं, काय अजिबात नाही

आज गाडीचं स्टीअरिंग व्हील बदलण्याबद्दल बोलूया. बेस मॉडेल घेतलेल्या प्रत्येकाच्या मनात हा विचार कधीतरी येतोच. टॉप मॉडेलला लेदरचं स्टीअरिंग आणि त्यावर आवाजाची बटणं, आपल्याला साधं प्लास्टिक. मग टॉपचं आणायचं आणि बसवायचं, एवढंच ना?

एवढंच नाही. कारण स्टीअरिंगच्या पोटात एअरबॅग असते. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे आपण नुसतं एक चाक बदलत नाही, एका सुरक्षा यंत्रणेला हात लावतो.

माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. बाहेरच्यांना इथलं पासपोर्ट ऑफिस आणि आयटी पार्क तेवढे माहीत असतात. पण ही एमआयडीसीची जुनी वसाहत आहे. आतल्या नंबरवाल्या रस्त्यांवर लेथ, वेल्डिंग, गॅरेज असं सगळं चालू असतं. मी आधी एका दुकानात विचारलं. तिथला दादा म्हणाला, "एअरबॅगशिवायचं स्पोर्ट स्टीअरिंग टाका. मीटरमधला एअरबॅगचा दिवा मी रेझिस्टर लावून बंद करतो."

हे कसं चालतं ते ऐका. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा रोध साधारण २ ओहम असतो. गाडीचा कॉम्प्युटर तो सतत तपासतो. एअरबॅग काढून तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर जोडला की कॉम्प्युटरला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत हा रिकामा कॅच ब्लॉक. एरर आली, गिळून टाकली, स्क्रीनवर सगळं हिरवं. कोडमध्ये असं केलं तर रात्री दोनला फोन येतो. घोडबंदर रोडवर पुढचा ट्रक अचानक थांबला, तर इथे फोनसुद्धा येणार नाही.

मी नको म्हणालो आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीकाकांनी आधी पार्ट नंबर ताडून पाहिले. माझ्या गाडीची एअरबॅग दोन्ही मॉडेलना एकच होती, म्हणून मूळचीच नव्या स्टीअरिंगवर बसणार होती. भंगारातली एअरबॅग घ्यायचीच नाही. ती पाण्यात बुडालेली होती की कुठून आली, आपल्याला काय कळणार?

मग काम सुरू झालं. चाकं सरळ, किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. तार काढली तरी एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. पिवळे कनेक्टर सोडवले, एअरबॅग तोंड वर करून बाजूला ठेवली. मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही, नाहीतर ओढताना स्टीअरिंग थेट तोंडावर येतं. जुनं स्टीअरिंग कुठल्या दातावर बसलं होतं, ती खूण आधीच करून ठेवली होती.

त्याच्या मागे असते क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली चपटी केबल. स्टीअरिंग कितीही फिरलं तरी एअरबॅगची आणि बटणांची वायर तुटत नाही ती हिच्यामुळे. बेस मॉडेलच्या स्प्रिंगमध्ये बटणांच्या वायर नव्हत्या, म्हणून तीही बदलली. गंमत म्हणजे बटणंही रेझिस्टरवरच चालतात. प्रत्येक बटणाचा रोध वेगळा, त्यावरून म्युझिक सिस्टिमला कळतं कुठलं दाबलं. रेझिस्टर तोच, पण इथे तो खरं सांगतो.

आता ट्रिम. नवी स्प्रिंग थोडी जाड, त्यामुळे स्टीअरिंगखालच्या प्लास्टिक कव्हरचं तोंड तिला अडत होतं. काकांनी कव्हरचे दोन्ही भाग उघडले, आतली कड कानशीने थोडीथोडी घासली, दर वेळी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. हे प्लास्टिक घासलं तर चालतं, कारण ते फक्त झाकण आहे.

मधलं पॅड मात्र झाकण नाही. त्याच्या आतल्या बाजूला पातळ रेषा असतात. बॅग फुगताना पॅड तिथेच फाटावं म्हणून. ते कापायचं नाही, घासायचं नाही, त्यावर काही चिकटवायचंही नाही. खड्यांचे चमचमते लोगो मिळतात ना, ते एअरबॅग उघडली की गोळीसारखे चेहऱ्यावर येऊ शकतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला. अशा लोगोमुळे एका चालकाचा डोळा गेला होता.

शेवटी नट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळला, बॅटरी जोडली. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही तरी गडबड, विझला नाही तरी गडबड.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. कंपनीचाच, त्याच मॉडेलचा भाग घ्या, बिल जपून ठेवा.

सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच काम. चावी फिरवा आणि तो दिवा बघा. शंका आली तर गाडी स्कॅनरला लावा, स्टीअरिंग उघडून बघायला सांगा. आधीच्या मालकाने तो रेझिस्टर तुमच्यासाठी ठेवलेला असू शकतो. भेटू पुढच्या भागात!