चरबीचे पेव आणि चरबीचा कारखाना



स्तनाचा कर्करोग आणि शरीरातील चरबी यांचा संबंध हा आजचा विषय आहे. हा विषय चारचौघांत उच्चारण्याचीही आपल्याकडे चोरी. छातीत गाठ लागली तर बाई सासूला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही. मग डॉक्टरची गोष्ट दूरच. 2022 च्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात सुमारे 1,92,000 स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे 98,000 स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत आज त्याचा क्रमांक पहिला आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेवून बोलणे भाग आहे.

रोगाचे नाव कळले की घरात चर्चा सुरू होते ती तेलाची. कोणी म्हणतो सरकीचे तेल बाधले, कोणी म्हणतो वनस्पती तुपाने घात केला. कोणी फोडणीच बंद करावयास सांगतो. चरबीचा आणि या रोगाचा संबंध आहे, हे खरे. पण तो कढईत शोधून चालणार नाही. तो शरीरात शोधला पाहिजे.

आपल्या जुन्या वाड्यांत ज्वारीचे पेव असे. सुगीत भरावे, दुष्काळात उघडावे. शरीरातील चरबी म्हणजे असेच एक पेव, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. चरबी हे नुसते कोठार नाही. तो चालता कारखाना आहे. आपल्या अमरावती-अकोल्याकडे कापूस जिनात जातो. एका बाजूने रुई निघते, दुसऱ्या बाजूने सरकी. त्याचप्रमाणे चरबीच्या पेशीत ॲरोमाटेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणारा कच्चा माल ते घेते आणि त्याचे इस्ट्रोजन करते. इस्ट्रोजन म्हणजे स्त्रीत्वाचे संप्रेरक. पाळी चालू असते तोवर ते मुख्यतः बीजकोशातून मिळते. पाळी गेली की बीजकोशाचे काम थांबते, पण चरबीचा कारखाना चालूच राहतो. चरबी जितकी अधिक, तितका माल अधिक. आणि स्तनाच्या पुष्कळशा कर्करोगांना वाढीसाठी हेच इस्ट्रोजन लागते. 2016 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त चरबीशी ज्या 13 कर्करोगांचा संबंध सिद्ध मानला, त्यांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग आहे, तो उगाच नव्हे.

हा धागा प्रथम हाती आला तो ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शस्त्रवैद्याच्या. गाईचे बीजकोश काढले तर तिचे दूध दीर्घकाळ टिकते, हे पशुपालकांचे ज्ञान त्याच्या कानावर होते. बीजकोशाचा आणि स्तनाचा काही संबंध असला पाहिजे, असे त्याने ताडले. रोग पसरलेल्या स्त्रियांचे बीजकोश काढून पाहिले आणि काहींच्या गाठी ओसरल्याचे 1896 साली प्रसिद्ध केले. इस्ट्रोजनचे नावही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते!

आणखी एक नवल सांगतो. स्तन हा मुळात चरबी तयार करणारा अवयव आहे. दुधातील स्निग्धांश तेथेच घडतो. बाळासाठी दिलेली ही कला कर्करोगाची पेशी स्वतःच्या पोटासाठी वापरते. नवी पेशी उभी करावयाची तर तिच्याभोवती स्निग्ध पदार्थांचे आवरण हवे. ते मिळविण्यासाठी ही पेशी रक्तातील चरबी उचलतेच, पण स्वतःही चरबी घडवते. स्तनाच्या ज्या कर्करोगांचा परिणाम वाईट होतो त्यांत एक विशिष्ट प्रथिन फार आढळते, असे दिसले होते. ते प्रथिन म्हणजे चरबी घडविणारे विकरच होय, हे 1994 साली उघड झाले. ते बंद पाडणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. नित्याच्या उपचारात मात्र ती अजून आलेली नाहीत.

पण ॲरोमाटेजच्या कारखान्याला कुलूप घालणारी औषधे आज आपल्या गावच्या दुकानात मिळतात. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल ही ती नावे. टॅमॉक्सिफेन हे त्यांच्याआधीचे औषध. ते कारखाना बंद करीत नाही, तर इस्ट्रोजनला कर्करोगाच्या पेशीवर काम करू देत नाही. पाळी चालू असलेल्या बाईला नुसत्या लेट्रोझोलचा उपयोग होत नाही, कारण तिचा मुख्य पुरवठा बीजकोशातून असतो. म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला चालेलच, असे समजू नये. शिवाय भारतीय रुग्णांपैकी मोठ्या हिश्श्याचा रोग संप्रेरकांना दाद न देणारा असतो. त्यांना या गोळ्यांचा उपयोग नाही, त्यांचा उपचार वेगळा.

गोळी लागू पडते तिथे ती निदान पाच वर्षे घ्यावी लागते. घोडे अडते ते येथेच. लेट्रोझोलने सांधे दुखतात, हाडे विरळ होतात. टॅमॉक्सिफेनने काहींच्या यकृतात चरबी साठते. गाठ तर केव्हाच काढली, आता दुखणे कशाला सोसायचे, असे म्हणून बाई गोळी सोडते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. दुखत असेल तर डॉक्टरला सांगावे, तोड निघते. मनाने कुलूप काढू नये.

आता ताटाकडे वळू. अमेरिकेत 48,835 प्रौढ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींच्या आहारातील स्निग्ध पदार्थ कमी केले आणि सरासरी आठ वर्षांनी, 2006 साली, निष्कर्ष मांडला. कर्करोगाच्या प्रमाणात निर्णायक म्हणावी अशी घट दिसली नाही. म्हणजे फोडणीतल्या दोन चमचे तेलाला फासावर चढविण्याचे कारण नाही. उपचार चालू असलेल्या बाईला उपाशी ठेवणे तर अघोरीच. जवसाची चटणी खुशाल खावी. पण ती औषधाच्या जागी नव्हे.

मग लक्ष कशावर ठेवावे? कमरेवर. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात सुमारे 1,600 रुग्ण स्त्रिया आणि 1,500 निरोगी स्त्रिया यांची तुलना झाली. ती 2016 साली प्रसिद्ध झाली. नितंबांच्या मानाने कंबर ज्यांची मोठी, त्यांना धोका अधिक; आणि तो पाळी चालू असलेल्यांनाही आणि पाळी गेलेल्यांनाही. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, अशा स्त्रिया पुष्कळ. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही, त्याही स्वतःस म्हणत नाहीत. आशियाई स्त्रीची कंबर 80 सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी, असा संकेत आहे. शिंप्याची फीत घरात असतेच. रोजचे चालणे, साखरेला आणि फरसाणाला आवर, एवढ्यात बरेच साधते. तथापि सडपातळ बाईलाही हा रोग होतो. तो झाला म्हणून तिच्या खाण्यापिण्याचा पंचनामा करू नये. तो तिचा अपराध नव्हे.

शेवटी एकच सांगणे. मुंबईतच 1998 पासून 1,51,538 स्त्रियांवर एक अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांची छाती हाताने तपासली. यंत्र नाही, सुई नाही. 2021 साली निष्कर्ष आला: तपासलेल्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हातांनी साधलेली ही गोष्ट अमरावतीत आणि अकोल्यात अशक्य आहे काय? अकोल्याच्या कर्करोग रुग्णालयाला संत तुकारामांचे नाव आहे, नागपूरच्या रुग्णालयाला आपल्या मोझरीच्या राष्ट्रसंतांचे. उभा जन्म ज्यांनी लोकांना स्पष्ट बोलावयास शिकविले, त्यांच्या नावाच्या दारात जाताना बाईला लाज का वाटावी? घरी गेल्यावर आज एवढेच करा: आईला, बहिणीला, पत्नीला विचारा. आणि ज्या भगिनी येथे बसल्या आहेत त्यांनी कोणी विचारण्याची वाट पाहू नये.