जुळ्या कोकरांचा पहिला दिवस

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी कळपात आणला. तथापि जुळी जन्मली म्हणजे मेंढपाळाचे उत्पन्न वाढलेच, असे नव्हे. रोगप्रतिकारक द्रव्ये कोकराला गर्भात मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. शिवाय ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती तासातासाने घटत जाऊन २४ तासांत संपते. सशक्त कोकरू आधी आचळाला लागते, दुबळे काकडत बाजूस पडते. खरवसाचे कौतुक करणाऱ्या आपणांस चिकाचे हे मोल निराळे सांगावयास नको! अशा कोकराला प्रथम कोरडे करून ऊब द्यावी. मग वजनाच्या दर किलोस ५० मिलिलिटर या मानाने कोमट चीक बाटलीने पाजावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. गाभण मेंढ्यांचा कळप गावच्या शिवारात उतरला, की पंचायत सदस्यांनी निदान ही बाटली तरी वाड्यावर पोचवावी.