सहा आकडे आणि एक माणूस

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



'पाच-सात मिनिटं बोला, विषय तुमचा' असं अध्यक्षांनी सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा मसाला दुधाची कृती अपेक्षित असावी. मी बोलणार आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाबद्दल. मागची मुलं एकदम सावरून बसली आणि त्यांचे आईवडील घड्याळाकडे बघू लागले, हे मला इथून दिसतंय!

आमच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी माझी लेक सई आणि तिच्या मैत्रिणी हा खेळ खेळतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. त्याचं माहेर म्हणजे विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा, आपल्या शिकागोहून गाडीनं दीड-दोन तासांवर. आपण तिथे जातो, तळं बघतो, आइस्क्रीम खातो आणि परत येतो.

खेळात प्रत्येकानं आपलं एक पात्र घडवायचं. त्याला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळं मोजलंय, हे मला फार पटलं. पहिलं भरपूर आणि दुसरं बेताचं, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात. पण मराठीत 'गुण' म्हणजे मार्कसुद्धा. त्यामुळे मी ते पान प्रगतिपुस्तक तपासावं तसं तपासायला लागले.

अगदी पहिल्या नियमांत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज मुकाट्यानं घ्यायची. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. म्हणजे आधी आकडे, मग त्यांत बसेल तो माणूस. १९७८च्या नियमपुस्तकात 'पॅलाडिन' म्हणजे धर्मयोद्धा व्हायचं तर करिष्मा निदान १७ हवा. तीन फाशांवर हे ५४ वेळांत एकदा जमणार. आपल्या पूर्वीच्या बारावीसारखंच की! मार्क पडले तर मेडिकल, नाहीतर बी.एस्सी. पुढे चार फासे टाकून सगळ्यांत लहान सोडायचा आणि बेरजा हव्या त्या गुणांना लावायच्या, अशी सवलत आली.

सईच्या गटात आणखी वेगळी पद्धत आहे. प्रत्येकाला २७ गुणांचं बजेट मिळतं. आठ हा आकडा फुकट. १२ला ४ मोजायचे, १३ला ५ आणि १५ला तब्बल ९. वर चढावं तसं महाग होत जातं. एकदा एक मैत्रीण आली नाही, म्हणून मला बसवलं. मी गृहिणीच्या हिशेबानं तीन ठिकाणी १३ आणि तीन ठिकाणी १२ घेतले. बरोबर २७! सगळ्या विषयांत पास, कुठेही लाल शाई नाही.

सईनं कागद बघितला आणि म्हणाली, "आई, हिला सगळीकडे प्लस वन आहे. चुकलं काहीच नाही. पण ही कोण आहे?"

मला उत्तर देता येईना. तेवढ्याच २७ गुणांत तीन पंधरा आणि तीन आठ घेता येतात. मग मात्र प्रश्न सुरू होतात. हिला ताकद नाही, तर जड दार आलं की ही काय करते? कोणाला हाक मारते? त्या हाकेतूनच गोष्ट सुरू होते.

मग मी सईचा कागद बघितला. शहाणपण १५, करिष्मा ८. मी लगेच म्हणाले, "अगं, आठ कशाला? थोडे वाढव ना." आणि माझ्याच लक्षात आलं, की हे वाक्य मी घरात रोज म्हणते. सई अबोल आहे. 'थोडं बोलत जा ना' हे तिनं माझ्याकडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

ती शांतपणे म्हणाली, "आई, ती कमी बोलते. म्हणून तिला जास्त दिसतं." खेळात समोरचा खोटं बोलतोय का, हे ओळखायचं कामही शहाणपणाकडेच असतं.

आणि आठ म्हणजे नापास नव्हे हो! वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात गुणाप्रमाणे भर घालायची. पंधराला दोन मिळतात, आठला एक वजा होतो. कामाला १० लागत असतील, तर पंधरावाल्याला शंभरात ६५ वेळा जमतं आणि आठवाल्याला ५० वेळा. फरक आहे, पण दार बंद नाही. सईचं पात्र त्या दिवशी भर दरबारात बोललं. अडखळत बोललं, पण फासा चांगला पडला.

त्यानंतर शाळेत पालकसभा झाली. बाईंनी नेहमीचं सांगितलं, "वर्गात बोलत नाही." दरवेळी मी ओशाळून मान हलवायचे. या वेळी म्हणाले, "हो, पण ती सगळं बघत असते. तिला काय दिसलं, ते विचारून बघा."

हे सगळं सईची परवानगी घेऊन सांगतेय. तिची एकच अट आहे, कोणी मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. तेव्हा मंडळी, कृपया पुढेच बघा. दूध तयार आहे.