खारं पाणी, ताटातलं मीठ आणि आपल्या किडन्या

घरातली कामं आटोपून, कुणी निवडत-टिपत, कुणी पोळ्या लाटत हा कार्यक्रम ऐकत असाल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज बोलायचं आहे किडनीबद्दल.

आपला भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या बायांना खारं पाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. याच गावांमध्ये किडनीच्या आजाराने माणसं गेल्याचं आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत.

किडन्या दोन, आकाराने मुठीएवढ्या. दिवसभरात त्या साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. नको असलेले क्षार आणि घाण बाहेर टाकायचं काम त्यांचंच. त्या बिघडू लागल्या तरी दुखत नाहीत, म्हणूनच हा आजार फसवा आहे. पायावर, डोळ्यांखाली सूज, थकवा, मळमळ ही लक्षणं दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं.

आता थोडा हिशोब करू. एका लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी पिण्याला योग्य मानतात. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. असं 2000 चं पाणी दिवसाला चार लिटर प्यायलं, तर आठ ग्रॅम क्षार पोटात जातात. ते सगळं मीठ नसतं, पण ताटातलं मीठ त्याच्यावर आणखी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावं. आपण लोणचं, पापड, ठेचा, फरसाण खातो आणि वरून चिमूटभर मीठही घेतो. डाळ शिजावी म्हणून सोडा टाकतो, त्यातही मिठातलंच सोडियम असतं. जास्त मिठाने बीपी वाढतो आणि वाढलेला बीपी किडनी पोखरतो.

पण सगळा दोष पाण्यावर टाकून चालणार नाही. बीपी आणि शुगर ही किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी कारणं आहेत. दुसरं म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर निंदण, कापूस वेचणी करून कंबर मोडते, मग दुकानातून गोळी आणली की झालं. अशा गोळ्या रोज, त्यातही उन्हात पाणी न पिता घेतल्या तर किडनीवर ताण येतो. तिसरं आपल्या बायांचंच दुखणं. वावरात आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाही आणि लघवी दाबून ठेवतो. तंबाखू आणि मिश्रीही रक्तवाहिन्यांना आणि बीपीला घातकच.

मग करायचं काय?

पाणी उकळल्याने जंतू मरतात, खार जात नाही. पाणी आटलं तर तो उलट दाटच होतो. तुरटीने गढूळपणा जातो, खार नाही. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला नळयोजनेचं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा. विहिरीचं, बोअरचं खारं पाणी धुण्या-भांड्याला वापरा. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस सोडून पत्र्यावरचं स्वच्छ पाणी साठवता येतं. ते मात्र पिण्याआधी उकळा. जल जीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच बायांना पाणी तपासायचं शिकवलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा आणि तुमच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या.

ताटात वरून मीठ घेणं बंद करा. सैंधव घेतलं तरी ते मीठच. लिंबू, कोथिंबीर, जिरं, लसूण यांनी चव आणा. पण 'कमी सोडियमचं' मीठ किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्याला बाधू शकतं. वावरात जाताना गोड्या पाण्याची बाटली न्या आणि थोडं थोडं पीत राहा. सूज असेल किंवा किडनीचा आजार आधीच असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

वय तिशीच्या वर असेल तर उपकेंद्रात बीपी आणि शुगर मोफत तपासून मिळते. आशाताईंना विचारा. बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल, शुगर असेल, तर लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

बचत गटाच्या वहीत आपण प्रत्येकीचा हप्ता लिहितो. त्याच पानावर एक रकाना बीपीचा आखा. पुढच्या बैठकीला आरोग्यसेविकेला बोलवा आणि सगळ्याजणींचा आकडा लिहून घ्या. जिचा जास्त येईल तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. एकीने तिच्यासोबत जायचं.