लेखनाची शाळा आणि तिचा खर्च



विद्यार्थ्यांसाठी व श्रमिकांच्या वस्त्यांसाठी लेखनाचे मोफत वर्ग चालवावेत, कोणाचीही नोकरी न पत्करता वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत लिहून चार पैसे मिळविता येतील एवढी तयारी तेथे करून घ्यावी, ही मागणी रास्त आहे. परंतु ‘मोफत’ हा शब्द फसवा आहे. वर्गासाठी जागा लागते, दिवा लागतो, कागद लागतो, शिकविणाऱ्याचे पोट असते. शिकणाऱ्याने पैसे दिले नाहीत म्हणजे कोणीच दिले नाहीत, असे होत नाही. ते कोणी दिले, आणि त्याच्या मोबदल्यात काय मागितले, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर चेन्नईसारखे दुसरे शहर नाही.

या शहरात अशी एक शाळा चालून गेली आहे. तिच्यावर पाटी नव्हती, अभ्यासक्रम नव्हता आणि प्रमाणपत्रही नव्हते. 1934 साली कडलूर येथे जन्मलेला, पाचवीच्या पुढे शाळेचे तोंड न पाहिलेला एक मुलगा 1940 च्या दशकात मद्रासला आला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयात राहू लागला. कॉम्रेड जीवानंदम यांनी 1937 साली सुरू केलेल्या ‘जनशक्ती’ या पत्राच्या छापखान्यात त्याने पडेल ते काम केले आणि रस्त्यावर उभे राहून अंक विकले. जेवण पक्षाच्या कम्यूनमध्ये, झोपणेही तेथेच. भोवती जी माणसे वावरत, ती सुब्रह्मण्य भारतींच्या कवितेवर आणि रशियन कादंबऱ्यांवर तासन्‌तास बोलत. जीवानंदम तर वक्तृत्वाबद्दल आणि भारतींच्या अभ्यासाबद्दल तमिळनाडूभर ख्यात होते. हा मुलगा ऐकत गेला, वाचत गेला, लिहू लागला. त्याचे नाव डी. जयकांतन. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि 2002 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या लेखनास मिळाला.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या कथेत परके काही वाटणार नाही. शाळा जेमतेम दीड दिवस पाहिलेले अण्णा भाऊ साठे मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीत अक्षरे गिरवीत वर आले आणि 1959 साली त्यांनी ‘फकिरा’ दिली. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. 1966 च्या त्यांच्या संग्रहाचे ‘माझे विद्यापीठ’ हे नावच पुरेसे बोलके आहे. तथापि ‘जीवनाच्या शाळेत शिकले’ असे म्हणून मोकळे होण्याची जी सवय व्यासपीठांना जडली आहे, ती सोडली पाहिजे. जीवन लाखोंना शिकविते. त्यांतून लेखक फार थोडे होतात. जयकांतन यांना जे मिळाले ते नुसते जीवन नव्हते. त्यांना दोन वेळचे जेवण मिळाले, डोक्यावर छप्पर मिळाले, हाताशी पुस्तके मिळाली, लिहिलेले वाचून दाखविण्यासाठी जाणते श्रोते मिळाले आणि छपाईचे तंत्र जवळून पाहावयास मिळाले. या प्रत्येक गोष्टीचा खर्च कोणीतरी सोसला. तो आणा-दोन आणे वर्गणी देणाऱ्या कामगारांनी सोसला.

आता या कथेचा दुसरा भाग सांगावयास हवा, कारण निधीचा खरा प्रश्न तेथे उभा राहतो. 1949 मध्ये पक्षावर बंदी आली, कम्यून विस्कटले, आणि जयकांतन यांना काही काळ तंजावरला जोड्यांच्या दुकानात नोकरी करावी लागली. ज्या संस्थेच्या आधाराने शिक्षण चालते तिच्यावर घाला पडला की शिक्षण थांबते, हा पहिला धडा. दुसरा धडा अधिक अवघड आहे. पुढे जयकांतन पक्षापासून दूर गेले, 1960 च्या दशकात काँग्रेसच्या व्यासपीठावर दिसू लागले आणि 1974 साली आपल्या राजकीय अनुभवांचे पुस्तक लिहून त्यांनी जुन्या सहकाऱ्यांवर टीकाही केली. मग कामगारांचा पैसा वाया गेला काय?

तो वाया गेला असे मानणारे कार्यकर्ते तेव्हाही होते. परंतु जयकांतन यांनी तमिळ कथेत कोणाला आणले ते पाहावे. रिक्षा ओढणारा, पदपथावर संसार मांडणारी बाई, झोपडपट्टीतील पोर, ही माणसे मद्रासच्या बोलीसकट छापील पानावर आली. ‘उन्नैप्पोल ओरुवन’ या आपल्याच कादंबरीवर त्यांनी स्वतः चित्रपट केला, तोही झोपडपट्टीतील एका मुलाचा. ज्या वर्गाने खर्च सोसला त्या वर्गाला त्याचे चित्र परत मिळाले. पक्षाला निष्ठावंत मिळाला नाही, इतकेच. लेखनाचा वर्ग चालविताना ‘आमच्यासाठी लिही’ ही अट आधीच घालणारा दाता, मग तो कारखानदार असो, सरकार असो वा पक्ष असो, लेखक तयार करीत नाही. तो प्रचारपत्रके लिहिणारा हात तयार करतो. पत्रके लागतात, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यासाठी वेगळा वर्ग भरवावा.

वैयक्तिक आधाराकडून संघटित आधाराकडे जाण्याचा प्रयत्नही तमिळनाडूत झाला. 1961 मध्ये जीवानंदम यांच्या पुढाकाराने कला-साहित्य मंच उभा राहिला. 1970 मध्ये ‘सेम्मलर’ हे मासिक निघाले आणि 1975 मध्ये मदुराईत पुरोगामी लेखक संघाची स्थापना झाली. पाचवीपर्यंत शिकलेले, गावात किराणा दुकान चालविणारे मेलाण्मै पोन्नुसामी ‘सेम्मलर’मधून लिहिते झाले आणि 2007 साली साहित्य अकादमीचे मानकरी ठरले. या संघांच्या शाखांत एकाने कथा वाचावी, इतरांनी ती निर्दयपणे तपासावी, अशी पद्धत रुजली. निधी सभासदांच्या वर्गणीचा आणि पुस्तकविक्रीचा, म्हणजे तुटपुंजा. पण कोणाकडे हात पसरावा न लागणारा. (भाषांतर ही लेखनाची सर्वांत स्वस्त कार्यशाळा आहे, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. पक्षपत्रांच्या कचेऱ्यांत रोज रात्री परभाषेतील मजकूर आपल्या भाषेत उतरविताना किती जणांचे वाक्य घडले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.)

आजची परिस्थिती निराळी आहे. चेन्नईत पत्रकारितेचे नामांकित शिक्षण मिळते, परंतु त्याचे शुल्क लाखांत मोजावे लागते; शिष्यवृत्त्या असतात, त्या मोजक्यांच्याच वाट्याला येतात. इंग्रजी न येणाऱ्याला तर त्या दारापर्यंतही जाता येत नाही. दुसऱ्या टोकाला पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहासारखा उपक्रम आहे. साईनाथ जन्माने मद्रासचे, कार्यक्षेत्र मुंबई. लोकांच्या देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर तेथे मराठी, तमिळसह अनेक भाषांत मजकूर प्रसिद्ध होतो, आणि विद्यार्थ्यांना खेड्यात जाऊन ऐकावयास आणि लिहावयास शिकविले जाते. उपक्रम मोलाचा आहे. तथापि देणगीवर चालणाऱ्या कामाचे पुढल्या वर्षी काय, हा घोर कायम असतो.

सरकारी मोहिमांचा अनुभव त्याहून वेगळा नाही. 1990 च्या दशकारंभी पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो स्त्रियांना अक्षरे शिकविली, सायकल शिकविली, आणि जिल्ह्याचे रूप बदलले. मोहीम संपली, तसा पैसाही आटला. अक्षर ओळखणे आणि आपली गाऱ्हाणी लिहून छापून आणणे यांच्यामधला जो लांब पल्ला आहे, त्यासाठी कोणत्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक नसते.

आणि तरीही तमिळनाडूत एक कायमचा झरा आहे, ज्याकडे डाव्या चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही. 1948 साली मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो आधुनिक काळातील पहिला महत्त्वाचा ग्रंथालय कायदा. त्यामागे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांचा दीर्घ ध्यास होता. या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. म्हणजे चेन्नईत ज्याच्या नावावर इमारत आहे तो, त्याची इच्छा असो वा नसो, वाचनालयासाठी पैसे देतो. ही दया नव्हे, कर आहे. महाराष्ट्राने 1967 साली आपला ग्रंथालय कायदा केला, परंतु त्यात उपकराची तरतूद नाही. तेथील वाचनालये अनुदानाकडे डोळे लावून बसतात. मुंबई-पुण्याच्या कार्यकर्त्यांनी हा फरक ध्यानी घेण्याजोगा आहे.

शाखा वाचनालयात संध्याकाळी खोली रिकामी असते, पुस्तके तेथेच असतात, वृत्तपत्रे येतात. शिकविणाऱ्याचे मानधन आणि कागद एवढाच वाढीव खर्च. तो उपकरातून करण्यास आडकाठी असेल तर ती नियमांची आहे, पैशाची नव्हे. वसूल झालेला उपकर स्थानिक संस्थांकडून ग्रंथालयांकडे वेळेवर पोहोचत नाही, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार आल्या आहेत. तेव्हा पहिली लढाई तो पैसा सोडवून आणण्याची आहे.

खर्चाचा आणखी एक भाग कोणत्याच हिशेबात धरला जात नाही, आणि तोच सर्वांत मोठा असतो. तो म्हणजे शिकणाऱ्याचा वेळ. कासिमेडूचा मच्छीमार पहाटेच्या अंधारात निघतो. सफाई कामगार उजाडण्यापूर्वी रस्त्यावर असतो. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतील तरुण दर आठवड्याला पाळी बदलतो. शहराच्या मध्यभागातून उठवून कण्णगी नगरात आणि पेरुंबाक्कमला नेऊन बसविलेल्या कुटुंबांतील मुलीला संध्याकाळच्या वर्गास यावयाचे म्हणजे बसचे मोठे अंतर काटावे लागते. 2021 पासून स्त्रियांना साध्या बसमधून विनातिकीट प्रवास मिळाला, त्यामुळे तिच्यापुरता एक अडसर दूर झाला. भावाचा झाला नाही. म्हणून वर्ग वस्तीकडे गेला पाहिजे, आणि पाळीप्रमाणे दोन वेळा भरला पाहिजे.

राहिला प्रश्न शिकून पुढे काय, याचा. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने नोकरीतील पत्रकाराला वेतन मंडळ आणि नुकसानभरपाई यांचे काही संरक्षण दिले. मुक्त लेखक त्याच्या कक्षेत कधी नव्हताच. 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितेत तो कायदाही विलीन करण्यात आला. लेख छापून येतो, मानधन महिनोन्‌महिने येत नाही, आणि दाद मागण्यास जागा नसते. जयकांतन लेखणीवर जगू शकले, कारण ‘आनंद विकटन’सारखी मोठ्या खपाची साप्ताहिके त्यांच्या कथेला पैसे मोजत होती; 1966 मध्ये त्यांच्या ‘अग्निप्रवेशम्’ या कथेने वादळ उठले तेही त्याच साप्ताहिकातून. आज शंभर मुलांना लिहावयास शिकवून त्यांना एकेकटे संपादकांच्या दारी पाठविले, तर स्वस्त मजुरांचा आणखी एक तांडा तयार होईल आणि जे आधीच लिहीत आहेत त्यांचे दरही पडतील. बिडी कामगार एकेकटे घरी बसून काम करीत, तरी त्यांची युनियन झाली. वर्गाच्या पहिल्याच महिन्यात बातमी कशी लिहावी याबरोबर मानधनाचे देयक कसे करावे, लेखी मान्यता कशी घ्यावी, हक्क कोणते राखून ठेवावेत, हे शिकविले गेले पाहिजे. आणि ज्या पक्षपत्रांत, युनियनच्या मासिकांत हा मजकूर प्रथम छापला जाईल, त्यांनीही तो फुकट मागू नये. रक्कम थोडी असेल, पण ती अंक निघाल्याच्या दिवशी हाती पडावी.