हाताला सोसेल ते मलम

मी कविता लिहिणारा माणूस. कोरड्या त्वचेवर आणि मलमांवर बोलायचा याला काय अधिकार, असं तुम्हाला वाटेल. अधिकार एवढाच, की चुकीचं क्रीम निवडून मी माझ्या आईच्या हातांना त्रास दिला आणि ती चूक निस्तरताना चार गोष्टी शिकलो.

आईला आम्ही अम्मी म्हणतो. आमचं गाव सोलापूरकडचं, तिथली हवा मुळातच कोरडी. अम्मीचा दिवस पहाटे वजू करून सुरू व्हायचा. पाच नमाजांसाठी पाच वेळा हात-तोंड-पाय धुणं, शिवाय भांडी आणि कपडे. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडत, तळहात खरखरीत होत. एका डिसेंबरात मी तिच्यासाठी शहरातून महागडं क्रीम नेलं. काचेची बरणी, गुलाबाचा वास. दुकानात मी दोनच गोष्टी पाहिल्या, वास आणि किंमत.

अम्मी ते रोज लावायची. विचारलं की म्हणायची, "छान आहे." आठवड्यानं पाहिलं, तर ती मोरीत नळाखाली हात धरून उभी. हात लालभडक.

"अम्मी, आग होते तर सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलंस, बेटा."

दुसऱ्या दिवशी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बरणीचा वास घेतला आणि ती बाजूला ठेवली. मग समजावलं, ते असं. त्वचेचा वरचा थर म्हणजे भिंत. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं ही स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, वडीचा साबण अल्कधर्मी. सतत साबण-पाणी लागलं की हा चुना निघून जातो. मग आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. म्हणूनच धडधाकट हाताला सुखावणारा सुगंध भेगाळलेल्या हाताला झोंबतो.

मलम तीन कामं करतं. ग्लिसरीन, युरियासारखी द्रव्यं पाणी धरून ठेवतात. काही स्निग्ध पदार्थ खरखर मऊ करतात. आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वरून झाकण घालतात. या जेलीचं पेटंट अमेरिकेत 1872 साली निघालं. पण झाकण म्हणून तिला मागे टाकणारं आजही फारसं काही नाही. आणि ती स्वस्त आहे. सेरामाइड असलेली क्रीम चांगली, पण परवडत नसतील तर अडत नाही.

मग निवडायचं कसं? पहिली अट, सुगंध नको. दुसरी, घटकांची यादी जितकी छोटी तितकं बरं. युरिया टाचेच्या जाड कातडीला उत्तम, पण उघड्या भेगेला झोंबतो. आणि "घरगुती म्हणजे सौम्य" हा भ्रम सोडावा. ग्लिसरीन-गुलाबपाण्यात आपण लिंबू पिळतो; ते भेगेवर आग ओततं. ऑलिव्ह तेलानं त्वचेची भिंत कमकुवत होते, असं 2013 सालच्या एका अभ्यासात दिसलं. खोबरेल तेल मात्र पुष्कळांना सोसतं. कोणतंही नवं मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-चार दिवस पाहावं.

लोशन, क्रीम, जेल की घट्ट मलम? ब्रिटनमध्ये इसब असलेल्या 550 मुलांवर या चारही प्रकारांची तुलना झाली. निष्कर्ष 2022 साली आला: एकूण परिणामात कोणताच प्रकार सरस ठरला नाही. म्हणजे ज्याला लावायचं आहे तो जे रोज लावेल, ते चांगलं.

अम्मीचंच पाहा. दिवसा जेली लावली की तसबीहचे मणी बोटांतून निसटत, पुस्तकाच्या पानांवर डाग पडत. तेव्हा तिनंच वाटणी केली. दिवसा प्रत्येक वजूनंतर हात हलके टिपून, ते ओलसर असतानाच बिनवासाचं साधं ग्लिसरीनयुक्त क्रीम. जेली रात्री इशाच्या नमाजनंतर. वर जुने सुती हातमोजे. भांड्यांना रबरी हातमोजे. तीनेक आठवड्यांत भेगा मिटल्या.

एक सावधगिरी. पाणी सुटलं, पू झाला किंवा खाजेनं झोप उडाली, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मेडिकलच्या दुकानातून मनानं स्टेरॉइडची ट्यूब आणू नका. चार दिवस बरं वाटतं, पण तीच ट्यूब महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते.

ती गुलाबाची बरणी अम्मीनं फेकली नाही. कपाटात साड्यांमध्ये ठेवली; साड्यांना वास छान येतो म्हणाली. मी मात्र एक सवय लावून घेतली. घरातल्या वडीलधाऱ्यांना काही आणून दिलं, तर "आवडलं का?" एवढंच विचारून थांबत नाही. त्याला ती "हो"च म्हणणार. "आग होते का?" असं विचारतो, आणि हात हातात घेऊन पाहतो.