उपग्रहाची साक्ष आणि भूमिहीनाचा हक्क

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती समारंभातील व्याख्यान)



उपग्रहाच्या साहाय्याने जमिनीच्या वापरातील बदल कसा टिपला जातो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. एका वैद्यकाने यावर का बोलावे, असा प्रश्न आपणास पडणे साहजिक आहे. क्ष-किरण चित्र हाती आले की आम्ही डॉक्टर प्रथम विचारतो, याच रुग्णाचे जुने चित्र आहे काय? एका चित्रावरून रोग दिसतो. दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे रोगाची वाटचाल कळते. जमिनीचेही तसेच आहे. ज्या समाजाची वहिवाट सरकारी कागदावर क्वचितच उतरली, त्या समाजाने तर ही विद्या अवश्य समजून घेतली पाहिजे.

अमेरिकेने जुलै १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. या उपग्रहांचे तत्त्व सोपे आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडे किरण शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. पाणी, वाळू, डांबर, सिमेंट यांची परतवण्याची रीत निरनिराळी असते. उपग्रह ही नोंद ठिपक्याठिपक्याने करतो. १९८४ साली सोडलेला लँडसॅट-५ दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जात असे. त्याचा एक ठिपका तीस मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा होता. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा आहे. आपल्या मोजमापात तो जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो.

या विद्येचे सामर्थ्य पाहण्यासाठी आपणास दूर जावयास नको. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटविल्या. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली. बुरगानपासून उत्तरेकडील सबरिया व रौदतैनपर्यंत तेलाची शेकडो तळी साचली. काजळी व तेलाचे तुषार वाळूवर बसून डांबरासारखा कठीण थर तयार झाला. खंदक, सुरुंग आणि रणगाड्यांची चाके यांनी वाळवंटाची घट्ट बसलेली खडीची साल उखडली आणि सुटी वाळू वाऱ्याबरोबर फिरू लागली. सुरुंग पेरलेल्या त्या प्रदेशात पायी हिंडून मोजणी कोण करणार? परंतु युद्धापूर्वीची आणि युद्धानंतरची उपग्रह-प्रतिमा उपलब्ध होती. बोस्टन विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ फारूक अल-बाझ यांनी अशा प्रतिमांच्या आधारे कुवेतच्या वाळवंटातील बदलांचा अभ्यास केला.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावात पर्यावरणाच्या हानीबद्दलही इराकला जबाबदार धरले. त्यानंतर नेमलेल्या भरपाई आयोगाने एकंदर सुमारे ५२.४ अब्ज डॉलर इतकी भरपाई दिली. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये पोहोचला. यातील मोठा भाग अन्य नुकसानीचा होता, आणि देश सोडून जावे लागलेल्या कामगारांनाही त्यातून भरपाई मिळाली. तथापि पर्यावरणाच्या दाव्यांत उपग्रह-प्रतिमांनी पुराव्याचे काम केले. मुक्या जमिनीला साक्षीदार मिळाला, ही मानवी इतिहासातील लहान घटना नव्हे.

मात्र हा साक्षीदार जे पाहतो तेवढेच सांगतो. पुढील वर्षांत कित्येक तेलतळ्यांवर वाऱ्याने वाळू पसरली. प्रतिमेत ती जागा पूर्ववत दिसू लागली, पण तेल खालीच होते. वरून कातडी जुळावी आणि आत पू राहावा, तशी ही अवस्था. म्हणून जमिनीवर जाऊन खोदावे लागले, नमुने तपासावे लागले.

दुसरी मर्यादा ऋतूची. येथील वाळवंट हिवाळ्यातील पावसानंतर थोडे दिवस हिरवे होते. फेब्रुवारी-मार्चची प्रतिमा आणि ऑगस्टची प्रतिमा शेजारी ठेवून कोणी वनस्पती नष्ट झाल्या असे म्हटले, तर ते अज्ञान ठरेल. तुलना त्याच ऋतूची, आणि पाऊसमान ध्यानी घेऊनच करावयाची असते.

आता हीच मर्यादा महाराष्ट्रातील गायरानाला लावून पाहा. मराठवाड्यातील भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर कोरडवाहू पीक घेत आली आहेत. त्यांचे पीक पावसाळ्यात उभे असते, आणि तेव्हा आकाशात ढग असतात. आकाश निवळून स्वच्छ प्रतिमा मिळेपर्यंत बाजरी-मुगाची काढणी झालेली असते. मग प्रतिमेत ती जमीन पडीक दिसते. शिवाय ज्याच्याजवळ वीस गुंठेच आहेत, त्याचे सारे जीवन लँडसॅटच्या दोन-सव्वादोन ठिपक्यांत संपते, आणि तेही शेजारच्या माळात मिसळलेले. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा नुसत्या आकाराने जोखता येत नाही, त्यावर राबणारी माणसे आणि त्यांची साधनेही पाहावी लागतात, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. उपग्रहाच्या युगातही हा विचार जुना झालेला नाही.

जमिनीचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा गाभा आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. त्या तारखेचे महत्त्व या सभेत सांगावयास नको. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, त्यातही भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली.

म्हणजे प्रश्न उरतो पुराव्याचा. १९९० पूर्वी येथे नांगर चालत होता, हे सिद्ध कसे करावयाचे? गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद, दंडाची पावती, पीकपाहणी, वृद्धांचे जबाब हे पुरावे आहेत. परंतु ज्यांच्या नावाने नोंदच केली गेली नाही, ते काय करणार? त्या काळच्या लँडसॅट प्रतिमा आजही जतन आहेत आणि २००८ पासून त्या विनामूल्य मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून खुले आहे. सलग दहा-वीस एकर गायरान अनेक कुटुंबे कसत असतील, तर योग्य ऋतूची जुनी प्रतिमा त्यांच्या बाजूने बोलू शकते. तिथे नांगरट होती हे ती सांगेल. नांगर कोणाचा होता हे सांगणार नाही. ते माणसांनाच सांगावे लागेल.

कायद्यानेही हा विवेक मान्य केला आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार उपग्रह-प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक असू शकते, पण त्यांची जागा घेऊ शकत नाही. हा नियम वनजमिनीपुरता असला, तरी त्यातील तत्त्व गायरानालाही लागू पडण्यासारखे आहे. प्रतिमेत पीक दिसले नाही एवढ्यावरून एखाद्याचा दावा फेटाळला जात असेल, तर प्रतिमा कोणत्या महिन्याची, ठिपका केवढा, प्रत्यक्ष पाहणी कोणी केली, हे तीन प्रश्न आपल्या माणसाला विचारता आले पाहिजेत.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज संगणक व अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांतील काहींनी ही विद्या आत्मसात करावी, सुटीत गावी जातील तेव्हा गायरान कसणाऱ्या कुटुंबांबरोबर बसावे, जुन्या पावत्या व जबाब गोळा करावेत, आणि त्यांच्या शेजारी जुन्या प्रतिमा ठेवून पाहाव्यात. धम्मवंदनेत आपण नित्य ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या, स्वतः पाहा आणि मग स्वीकारा, असे धम्म सांगतो. आकाशातून पाहणे आणि शेतात जाऊन पाहणे ही दोन्ही त्यातच आली. पैसे तर आपण गावी पाठवीत आलोच आहोत. आता त्याबरोबर ही दृष्टीही पाठवू या.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!